टाच, घोटा, पोटरी

२०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी मी बाल्कनीत उभी राहून दोरीवरचे कपडे काढत होते. दोन पंचे, चार रुमाल आणि नवऱ्याचा बनियन खांद्यावर टाकून झाल्यावर हाताला जाणवलं की सगळं खडखडीत वाळलेलं आहे. मग वर बघितलं. आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस नव्हता. पाऊस माझ्या कानात होता. डाव्या कानातला इयरफोन गादीवरच पडला होता आणि उजव्यातून ‘मंद पाऊस, पंचेचाळीस मिनिटं’ इमानेइतबारे कोसळत होता. ज्या ॲपने मला झोपवायचं, त्याने मला उठवून कामाला लावलं होतं.

पावसाच्या आवाजाने शांत झोप लागते, हे कुणी ठरवलं कोण जाणे. सिंहगड रस्त्याला नदीच्या अंगाला राहणाऱ्या माणसाला तरी विचारलं नसावं. २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत पाणी शिरलं, त्याला तेव्हा जेमतेम महिना होत होता. आमची इमारत जरा चढावर आहे, आमच्याकडे पाणी आलं नाही. पण त्या दिवसापासून रात्री पाऊस वाजायला लागला की घरातल्या कुणाचा ना कुणाचा हात मोबाइलकडे जातो, खडकवासल्यातून किती क्युसेक सोडलंय ते बघायला. सासूबाईंना तर मोबाइलही लागत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या आणि माहेर नदीपासून हाकेच्या अंतरावर होतं. पाऊस लागला की त्या उठून बसतात आणि माळ हातात घेतात. अशा घरात मी ‘मंद पाऊस’ लावून झोपायला निघाले होते.

झोप उडाली होती ती काही एका कारणाने नव्हे. पन्नाशी आली होती, पाळी जायचे दिवस होते, अंगातून अवेळी वाफा निघायच्या. त्यात नोकरी टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात. आमच्याकडे महिना चंद्रावर चालत नाही, तारखांवर चालतो: सातला टीडीएस, अकराला जीएसटीचं एक विवरणपत्र, जीएसटीआर-वन, वीसला दुसरं, थ्री-बी. अकरा वाजता डोळा लागायचा, पण तीनच्या सुमाराला आत कुणीतरी खटकन ट्यूबलाइट लावल्यासारखं व्हायचं आणि कुणाचं तरी बिल दोनदा धरलं गेलंय का, हा विचार छातीवर येऊन बसायचा. आमच्या डॉक्टरीणबाईंनी थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं तपासून घेतलं. तिथे काही सापडलं नाही. त्या म्हणाल्या, “आणखी दोन महिने बघू. नाहीच जमलं तर गोळीच्या आधी सीबीटी-आय करू. झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार, दोन्ही दुरुस्त करायची ती पद्धत आहे.” मी मान डोलावली. घरी येऊन शोधलं तर खरंच, अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ सालीच जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून तेच सुचवलंय. त्या शोधातच खाली कुठेतरी ध्यानाच्या ॲपची जाहिरात होती.

मुलगा बेंगळुरूला असतो. त्याला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, “आई, घे ना एखादं. बेस्ट कुठलं ते बघ आणि टाक.”

बेस्ट. लक्ष्मी रोडला चप्पल घेताना आम्ही तीन दुकानं फिरतो, प्रत्येक जोड घालून दहा पावलं चालून बघतो, आणि मग दुकानदाराला ‘करंगळीला लागतंय’ असं सांगून चौथ्या दुकानात जातो. मनाला घालायची गोष्ट घेताना मात्र मी नुसते तारे बघितले. चार पूर्णांक आठ तारे, घे. चार पूर्णांक सात, हेही घे. आठवड्यात फोनवर पाच ॲपं झाली.

त्यांतल्या हेडस्पेस या ॲपची कहाणी मला आवडली होती. अँडी पुडिकम नावाचा इंग्रज तरुण, आशियात जाऊन बौद्ध भिक्षू झालेला, परत येऊन त्याने २०१० साली एका जोडीदाराबरोबर ते लंडनला सुरू केलं. आवाज बरेच दिवस त्याचाच होता. शेजारी बसून बोलल्यासारखा, समजूतदार. दुसरं ॲप काम, म्हणजे इंग्रजीत ‘शांत’. हे नाव देवनागरीत लिहून बघा म्हणजे गंमत कळेल: झोप यावी म्हणून घेतलेल्या ॲपचं नाव ‘काम’. ते २०१२ साली दोघा ब्रिटिशांनी काढलं. त्यातला एक ॲलेक्स ट्यू. त्याने २००५ साली, विद्यार्थी असताना, एका वेबपानावरचे दहा लाख ठिपके एकेक डॉलरला जाहिरातदारांना विकले होते. लोकांच्या लक्षाचा एकेक ठिपका विकणारा माणूस पुढे लोकांना लक्ष एकवटायला शिकवू लागला. मला यात काही खटकत नाही; आमच्या धंद्यातही आधी आयकर खात्यात नोकरीची वर्षं काढलेले लोकच पुढे सल्लागार होतात.

कामवर २०१६ पासून मोठ्यांसाठी झोपेच्या गोष्टी आहेत. त्यातली स्टीफन फ्राय या इंग्रज नटाने वाचलेली एक फार गाजलेली. दक्षिण फ्रान्समधली लव्हेंडरची शेतं, संध्याकाळचा उजेड, हळूहळू पुढे सरकणारं वर्णन. आवाज असा की लोण्यातून सुरी फिरावी. पण मला लव्हेंडरचा वास ठाऊक आहे तो फरशी पुसायच्या औषधाचा. तो गृहस्थ जांभळ्या शेतांतून चालत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे बादली, पोछा आणि उद्या कामाला येणाऱ्या बाईंनी सांगून ठेवलेली सुट्टी. शिवाय इंग्रजी मला चांगलं येतं, हाच घोटाळा. एखादा शब्द अडला की मी जागी. दिवसभर इंग्रजीत नोटिसांना उत्तरं लिहिणाऱ्या बाईचा मेंदू इंग्रजी ऐकलं की पेन उघडून बसतो.

तेव्हा मला हे काही नीट उमगलं नव्हतं. वाटलं, दोष माझा आहे. मी नेटाने करत नाही. पुढे एक अभ्यास वाचनात आला तेव्हा जरा बरं वाटलं. २०१९ साली काही संशोधकांनी मानसिक आरोग्याच्या ९३ ॲपांचा खराखुरा वापर मोजला होता. पंधराव्या दिवशी ॲप उघडणाऱ्यांचं प्रमाण मध्यांकाने, म्हणजे रांगेत मधोमध येणाऱ्या ॲपचं, ३.९ टक्के, तिसाव्या दिवशी ३.३ टक्के. म्हणजे शंभर जणींनी घेतलं तर महिन्याने तिघी उरतात. उरलेल्या सत्त्याण्णव जणींत मी होते, आणि आमचं बहुमत होतं.

रात्रीचं जमत नाही तर दिवसा करून बघू, म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत पाताळेश्वरात जाऊन बसायला लागले. ऑफिस घोले रोडला, चालत पाच-सात मिनिटं. आठव्या शतकातलं, कातळात कोरलेलं लेणं, समोर तो वाटोळा नंदीमंडप. बाहेर जंगली महाराज रस्ता बारा महिने बोंबलत असतो, पण पायऱ्या उतरून आत गेलं की आवाज एक पायरी मागे राहतो. खांबाला टेकून इयरफोन लावला. कानातल्या बाई म्हणाल्या, विचार म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या आहेत असं समजा. तुम्ही कडेला बसला आहात. गाड्या येतील, जातील. तुम्ही रस्त्यात उतरायचं नाही, नुसतं बघायचं.

आता या बाई पुण्याच्या असत्या तर त्यांनी ही उपमा दिली नसती. इथे कडेला बसून सुरक्षित राहता येत नाही, कारण गाड्या फुटपाथवर येतात. मी डोळे मिटून कडेला बसले आणि पहिल्याच मिनिटाला माझ्या मनातली एक ॲक्टिव्हा उलट्या बाजूने फुटपाथवर चढून हॉर्न वाजवायला लागली. मला हसू फुटलं. शेजारच्या खांबापाशी बसलेल्या जोडप्याने माझ्याकडे संशयाने बघितलं, जणू त्या ठिकाणी एकटीने बसून हसणं हेच बेकायदेशीर असावं.

पण त्या दिवशी तिथे बसल्यावर एक गोष्ट मात्र ध्यानात आली, आणि ती ॲप निवडण्याआधी यायला हवी होती. मला झोप हवी होती. आणि ज्याला मूळ ध्यान म्हणतात, ते आहे जागं राहणं. बौद्ध परंपरेत साधकाच्या वाटेतले पाच अडथळे सांगितलेत, त्यांतला एक आहे थीनमिद्ध: सुस्ती, पेंग. म्हणजे मला जे मिळवायचं होतं ते तिकडच्या हिशेबात अडथळ्याच्या रकान्यात लिहिलेलं. ॲपवाले दोन्ही माल एकाच काउंटरवर मांडतात. वर सकाळची दहा मिनिटांची बैठक, खाली झोपेची गोष्ट, मध्ये ऑफिसातल्या बॉसवर आलेला राग घालवायची तीन मिनिटं. किराणा दुकानात इसबगोल आणि चहापत्ती शेजारी असतात, म्हणून काही आपण एकाऐवजी दुसरं उकळून पीत नाही.

मग मी कागद घेतला. हिशेबनिसाची सवय. एका बाजूला लिहिलं, ‘रात्री तीन’. दुसऱ्या बाजूला, ‘दुपारी दीड’. तीनला काय हवं? पडदा बघायला लागू नये. डोळ्यांवर उजेड येऊ नये. नेट बंद असताना चालावं. आपोआप थांबावं. शोधायला लागू नये, कारण तीन वाजता चारशे ध्वनिफितींतून एक निवडणं म्हणजे मध्यरात्री साड्यांच्या दुकानात शिरणं. दीडला काय हवं? एक घंटा. दहा मिनिटांनी दुसरी घंटा. मध्ये कुणी बोलू नये. एवढंच निघालं. पाच ॲपांतल्या नव्वद टक्के गोष्टी दोन्ही बाजूंना बसत नव्हत्या.

दीडचं काम फुकटात झालं. इनसाइट टायमर नावाचं ॲप आहे, त्याच्या नावातच घड्याळ आहे. घंटेचे निरनिराळे नाद निवडता येतात आणि मध्ये ठरावीक अंतराने टोलही लावता येतो. पैसे देऊन घ्यायचं ते वेगळं असतं, मला लागलं नाही. ज्यांना कुणी हात धरून शिकवलेलं हवं असेल त्यांच्यासाठी मेडिटो आहे, ना-नफा संस्थेचं, पूर्ण फुकट. विस्कॉन्सिनचे मेंदूशास्त्रज्ञ रिचर्ड डेव्हिडसन यांच्या संस्थेचं हेल्दी माइंड्स प्रोग्रॅम आहे, तेही फुकट. दोन्ही मी आठवडाभर ऐकली. चांगली आहेत. ज्याला सकाळची बैठक बसवायची आहे आणि इंग्रजीचं वावडं नाही, त्याने आधी इथे दहा पावलं चालून बघावं, मग पैशाच्या पाकिटाला हात घालावा.

पैशाचं माझं मात्र उलटं झालं. पाचांपैकी एकाने सात दिवस फुकट दिले होते. आठव्या दिवसापासून वर्षाचे पैसे. मी चौथ्याच दिवशी वैतागून ॲप फोनवरून काढून टाकलं आणि वाटलं, सुटले. ॲप काढलं म्हणजे वर्गणी थांबत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायला मी मोकळी नाही. मी लोकांना व्यवसाय बंद झाला तरी जीएसटीचा नंबर वेगळा रद्द करावा लागतो हे रोज सांगते. इथेही तसंच. प्ले स्टोअरच्या वर्गण्यांच्या पानावर जाऊन ती वेगळी बंद करावी लागते, आणि यूपीआयचा ऑटोपे दिला असेल तर तो यूपीआयच्या ॲपमध्ये दिसतो, तिथूनही काढता येतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी आपल्याला कळवावं लागतं. मला कळवलंही होतं. तो मेसेज सोन्याच्या कर्जाच्या आणि दोन ओटीपींच्या मध्ये गुदमरून पडलेला नंतर सापडला. साडेतीन हजार गेले. कंपनीला पत्र लिहिलं, त्यांचं उत्तर आलं: दीर्घ श्वास घ्या, आम्ही तुमची अडचण समजू शकतो. पैसे परत आले नाहीत. तेव्हापासून नियम केलाय, फुकटची मुदत घेतली की त्याच मिनिटाला वर्गणी रद्द करायची. बहुतेक ठिकाणी मुदत संपेपर्यंत ॲप चालूच राहतं.

नवरा म्हणाला, “एवढ्यात दोन महिने मसाजवाली बाई आली असती.” हे वाक्य मी तेव्हा सोडून दिलं. पुढे ते वेगळ्या वाटेने परत आलं.

अजून एक जागा आहे जिथे मी आता अडखळते. ही ॲपं पहिल्या दिवशी प्रश्न विचारतात. किती दिवस झोप नाही? रडू येतं का? औषध चालू आहे? डॉक्टरीणबाईंना जे मी तिसऱ्या भेटीत सांगितलं ते या गोड रंगांच्या चौकोनांना दीड मिनिटात सांगून मोकळी झाले होते. २०२३ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीला ७८ लाख डॉलर भरायला लावले, कारण ‘गुप्त राहील’ म्हणून घेतलेली माहिती तिने फेसबुकसारख्या जाहिरात कंपन्यांना दिली होती. ते ध्यानाचं ॲप नव्हे, पण प्रश्नांची पाटी तशीच. माझं म्हणणं इतकंच, घंटा वाजवायला माझी पाळी नियमित आहे का हे कळायची गरज नाही. ‘पुढे जा’, ‘नको’, ‘नंतर’ अशी बटणं खाली बारीक अक्षरांत असतात. ती शोधावीत. सापडली नाहीत तर ते ॲप मला नको.

आणि साखळ्या! ‘तुमची सहा दिवसांची साखळी आज तुटेल.’ रात्री पावणेबारा वाजता हा मेसेज. मला छाती धडधडून जाग आली, वाटलं थ्री-बी भरायचं राहिलं. सासूबाईंची माळ इतकी वर्षं बघत आलेय. एकशे आठ मणी, शेवटी मेरुमणी. बोटाला तो मोठा मणी लागला की डोळे न उघडता कळतं, फेरी झाली. मेरू ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची. याहून साधं टायमर मी पाहिलेलं नाही. आणि काल जप केला नाही म्हणून ती माळ कधी त्यांच्यावर गुरकावली नाही. याचा अर्थ सासूबाई फार एकाग्र असतात असा कुणी घेऊ नये. चाळिसाव्या मण्याला त्या ‘गॅस बंद केलास का गं’ विचारतात आणि साठाव्याला त्यांची मान छातीवर येते.

एक मैत्रीण म्हणाली, ॲप कसलं घेतेस, सरळ विपश्यनेला जा. स्वारगेटजवळ दादावाडीत केंद्र आहे, आळंदीपुढे मरकळला आहे. सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून ही पद्धत घेऊन भारतात आले. दहा दिवस, मौन, फोन आधीच जमा, फी नाही. नंतर वाटलं तर दान. हे मला खरंच आकर्षक वाटलं, विशेषतः फोन जमा. पण डॉक्टरीणबाईंनी हात वर केला. म्हणाल्या, झोप बिघडलेली असताना एकदम दहा दिवस रोज दहा-दहा तास बसू नकोस, आधी झोप जागेवर येऊ दे. मला तो अतिरेकी सावधपणा वाटला होता. मग ब्राउन विद्यापीठातल्या विलोबी ब्रिटन आणि जेरेड लिंडाल यांचं २०१७ चं काम वाचलं. ध्यान करणाऱ्यांना काय काय त्रास झाले हे त्यांनी नीट बसून विचारलं होतं, आणि त्यात भीती होती, घाबरं होणं होतं, झोप उडणंही होतं. ॲपच्या पहिल्या पानावर हे कुणी लिहीत नाही. तिथे फुगे असतात.

फायदा नाही असंही नाही. २०१४ साली ४७ चाचण्या आणि ३,५१५ माणसांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यात चिंता, उदासी आणि वेदना यांवर ध्यानाचा थोडाफार उपयोग होतो याचा मध्यम प्रतीचा पुरावा मिळाला. झोपेच्या रकान्यात मात्र ठोस काही सापडलं नाही. आणि व्यायामापेक्षा किंवा औषधापेक्षा ध्यान सरस ठरल्याचंही दिसलं नाही. हे वाचून नवऱ्याने लगेच मला तळजाईला चालायला नेलं. त्याला इतके दिवस कुणीतरी सोबतीला हवंच होतं. आणि ज्याला किंवा जिला रात्री तीनला झोप नसण्यापलीकडचं काही जाणवतंय, जगणं नको वाटतंय, त्यांनी ॲपच्या दुकानात जाऊच नये. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं.

राहिलं रात्री तीनचं. सगळ्या ॲपांत एक प्रकार मला जरातरी लागू पडत होता: शरीरभर लक्ष फिरवायचं, पायाच्या बोटापासून डोक्यापर्यंत, आणि एकेक अवयव सैल सोडत जायचं. पण इंग्रजीत ‘काव्ह्ज’ म्हटलं की मला आधी वासरं दिसायची. मग त्या वासरांना बाजूला सारून पोटऱ्यांपर्यंत पोचायचं, तोवर आवाज गुडघ्यावर गेलेला. मराठी म्हणून जे ऐकायला मिळालं तेही भाषांतराचं. “आता आपले लक्ष आपल्या उजव्या पायाच्या बोटांकडे घेऊन जा. आपल्या बोटांना आराम द्या.” आराम द्या? ती काय पाहुणी आहेत? आणि ‘लक्ष द्या’ हा शब्दप्रयोग माझ्या कानाला शाळेतल्या बाईंचा आहे. हिंदीत ऐकावं तर त्याहून पंचाईत. पुणे स्टेशनवर जन्मभर ‘कृपया ध्यान दें’ ऐकल्यावर पुढे गाडी किती उशिराने धावतेय तेच ऐकायची कानाला सवय. एवढा मोठा शब्द: पालीत झान, चीनमध्ये चान, जपानात झेन, तिथून पश्चिमेला, तिथून डॉलरच्या वर्गणीत बसून परत आपल्याकडे. आणि पोचला कुठे, तर फलाट क्रमांक तीनवर.

मी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून बघितलं. ऐकल्यावर वाटलं, ही बाई आता विलंब शुल्क सांगणार.

त्या दिवाळीत शेजारच्या मजल्यावर बाळंतीण आली होती, आणि सासूबाई बाळाला तेल लावणाऱ्या बाईंना सूचना द्यायला रोज दहा वाजता वर जात. आमच्या मुलाला त्यांनी स्वतः सव्वा वर्ष न्हाऊ घातलं होतं. पाय ओढणं, हाताची घडी घालणं, टाळू भरणं. मुलगा तेलाने चकचकीत होऊन त्यांच्या पायांवरच झोपायचा. वरून येऊन त्या मला सांगत होत्या, ती बाई पोटरीला खालून वर नेते, वरून खाली आणायला हवं. मी हातातलं काम टाकून म्हटलं, “आई, हे सगळं सांगाल का एकदा? पायापासून डोक्यापर्यंत. जशी तुम्ही याला मालिश करायचात तसं. मला फोनमध्ये भरून घ्यायचंय.”

“कशाला?”

“रात्री ऐकायला.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्या नजरेत सुनेबद्दलची पंचवीस वर्षांची सगळी शंका होती. पण नाही म्हणाल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, तू इथे बसू नकोस, मला बोलता यायचं नाही. मी फोन त्यांच्या उशाशी ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा रेकॉर्डिंग २१ मिनिटांचं झालं होतं आणि त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

त्याच रात्री तीनला जाग आली. विमानाचं चिन्ह दाबलं, फोन पालथा घातला.

“हं. अंगठा घे. मग एकेक बोट. करंगळीला विसरायचं नाही, तिला कुणी विचारत नाही. आता टाच. टाचेला जोर लागतो. मग घोटा, गोल फिरवायचा. पोटरी वरून खाली. घाई नाही. तेल कोमट हवं…” आवाज खरखरीत, मध्ये श्वास लागतो, दोन वाक्यांत कुणी ठरवून ठेवलेली शांतता नाही, त्या नुसत्या विसरलेल्या असतात पुढे काय, आणि मग आठवतं. टाच म्हटलं की टाच तिथेच होती. मधे वासरू नव्हतं. मांडीपर्यंत पोचल्याचं मला आठवतं.

रोज लागू पडतं असं नाही. सप्टेंबरच्या ऑडिटात ते चालत नाही, तेव्हा मी उठून चहा करते. मधल्या काळात डॉक्टरीणबाईंचे सीबीटी-आयचे सहा आठवडेही झाले आणि झोप सुधारण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. झोप येईपर्यंत पलंगावर जायचं नाही, हे त्यांनीच शिकवलं. फोनवर आता दोनच गोष्टी उरल्यात, दुपारची घंटा आणि ही फीत. मुलाला पाठवली होती. त्याने विचारलं, “आई, हिचं बॅकग्राउंड नॉइज काढून देऊ का?” मी नको म्हटलं.

पण ती फीत पुढे काय म्हणते हे मला कित्येक महिने माहीत नव्हतं. कोपराच्या पलीकडे मी कधी जागी गेलेच नव्हते. मार्चअखेरीला एकदा पाताळेश्वरात बसले असताना घंटेऐवजी चुकून तीच लागली, आणि दिवसाउजेडी मी पहिल्यांदा ती पूर्ण ऐकली. कोपर, मनगट, तळहात. मान, ‘मानेला हात लावताना आपला श्वास धरायचा’. कपाळ. भुवया आतून बाहेर. मग टाळू. “टाळूवर तेल घालायचं आणि हात ठेवायचा. चोळायचं नाही. नुसता ठेवायचा.” त्यानंतर बराच वेळ काही नाही, पंख्याचा आवाज. मग अगदी हळू, “झोपलं गं बाई.” पुन्हा पंखा. मग जरा मोठ्याने, दाराच्या दिशेने, “अगं, हे बंद कसं करायचं?”

स्वयंपाकघरात कुकर चालू होता, मला ऐकू गेलं नसणार. त्यापुढे सात मिनिटं नुसता पंखा आहे.